शेवटची बस आणि अण्णांचा तारांकित प्रश्न

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या इथली रात्रीची शेवटची बस बंद झाली. आधी नऊ वीसची होती, ती गेली आणि साडेसातचीच शेवटची झाली. मी केअर होममध्ये कामाला आहे, लेट शिफ्ट नऊला संपते, त्यामुळे ती बस म्हणजे माझ्यासाठी आपल्याकडच्या मुक्कामी एसटीसारखी होती, एप्रन काढत पळत सुटायचं आणि ड्रायव्हर ओळखीचा असला की अर्धा मिनिट थांबायचा. बस गेल्यावर टॅक्सी, आणि टॅक्सीला माझ्या तासाभराच्या पगारापेक्षा जास्त पैसे जातात. आठवड्यात चार लेट शिफ्ट. हिशोब तुम्हीच करा.

आमचं इथलं म्हणजे वेल्स. कार्डिफच्या उत्तरेला डोंगरांमध्ये लांबलचक दऱ्या आहेत, त्यांना व्हॅलीज म्हणतात, पूर्वी तिथे कोळशाच्या खाणी होत्या, आता खाणी गेल्या आणि दरीच्या तळाशी एकामागे एक गावं राहिली. रस्ता एकच, त्यामुळे बस गेली की गेलीच, दुसरा मार्ग नसतो.

कंपनीला फोन केला तर म्हणाले रूट परवडत नाही, सरकारी मदत कमी झाली. काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, विचारलं तर म्हणाले बस खाजगी आहे. दोन्ही खरं होतं, पण मला घरी जायला बस हवी होती. शेवटी माझ्याबरोबरची एक वेल्श बाई, तीस वर्षं हेच काम करतेय, ती म्हणाली की अगं सेनेदला लिही ना, तुला पाच आमदार आहेत.

पाच? मला वाटलं चुकून बोलली. पण खरंच पाच होते. सेनेद म्हणजे वेल्सची विधानसभा (शेवटचा द असा म्हणायचा की जीभ दातांमध्ये हलकीच यावी, मला जमायला दोन वर्षं लागली). तेव्हा साठ सदस्य होते, चाळीस मतदारसंघांतून एकेक आणि पाच विभागांतून चार चार, म्हणजे प्रत्येक माणसाचा एक मतदारसंघाचा आणि चार विभागाचे. २०२४ मध्ये कायदा करून २०२६ च्या निवडणुकीपासून सदस्य ९६ केले आणि सगळी रचनाच बदलली, पण माझी गोष्ट आधीची आहे. आणि अजून एक, जे आपल्या बऱ्याच लोकांना इथे येऊन कितीतरी वर्षं कळत नाही, भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला इथे मत देता येतं, सेनेदला पण आणि वेस्टमिन्स्टरच्या संसदेला पण. नाव नोंदवायचं फक्त. प्लीज नोंदवा. मी चार वर्षं नोंदवलं नव्हतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर मी पाचही जणांना ईमेल केला. दोघांचं उत्तर आलं, त्यातल्या एकीने सांगितलं की तुमच्या विषयावर मी मंत्र्यांना लेखी प्रश्न टाकते. माझ्या ईमेलमधलंच वाक्य उचलून तिने साधारण असा प्रश्न टाकला, की व्हॅलीजमधल्या रात्रीच्या बससेवा सुधारण्यासाठी सरकार काय करणार आहे. आठवडाभरात उत्तर आलं, वेबसाइटवर प्रसिद्धही झालं, डब्ल्यूक्यूने सुरू होणारा नंबर, खाली तारीख. मी ते पाच वेळा वाचलं. माझ्या मनातला प्रश्न, आणि त्याच्याखाली एका मंत्र्याचं नाव. स्क्रीनशॉट काढून साताऱ्याला अण्णांना पाठवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका सरकारी खात्यात कारकून होते, आता रिटायर. त्यांच्या नोकरीतली मला सगळ्यात जास्त आठवण कसली असेल तर अधिवेशनाची. अधिवेशन लागलं की आमच्या घरात जेवणाच्या वेळा बदलायच्या. नागपूरचं हिवाळी असेल तर विचारूच नका. संध्याकाळी सहाला ऑफिसातून निरोप यायचा की "तारांकित लागलाय", आणि अण्णा परत सायकल काढायचे. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं असा प्रश्न. कुठल्यातरी आमदाराने कुठल्यातरी तालुक्यातल्या रखडलेल्या पुलाबद्दल विचारलेलं असायचं, उत्तर मंत्री देणार मुंबईत किंवा नागपुरात, पण माहिती असायची साताऱ्यात, एका कपाटातल्या एका फायलीत, आणि ती फाइल काढून रातोरात मसुदा आणि सोबत पूरक टिपणी करून फॅक्स करायचा. पूरक टिपणी म्हणजे सभागृहात उपप्रश्न आला तर मंत्र्यांच्या हातात असावी ती जास्तीची माहिती. मी शाळेत असताना ते कागद बघितलेत. प्रश्नाची भाषा ठरलेली असायची. "सदर पुलाचे काम मागील तीन वर्षांपासून रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तराच्या बाजूला "होय", "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही".

अण्णांचा लगेच व्हिडिओ कॉल. चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावलेला. मला वाटलं कौतुक करतील.

"उत्तर बरोबर आहे," म्हणाले. "प्रश्न नीट विचारला नाहीस, पोरी."

मी म्हटलं, "अण्णा, मी नाही विचारला, इथल्या आमदार बाईंनी विचारला."

"पण वाक्य तुझं. सरकार काय करणार असं विचारलं की काय करतोय ते लिहून द्यायचं असतं. आम्ही तेच लिहायचो, कार्यवाही सुरू आहे, निधी दिला आहे, नवीन धोरण येत आहे. त्यात खोटं काही नसतं. पण तुला बस कधी मिळणार ते त्यात कसं येईल? तू ते विचारलंच नाहीस. किती विचार, कधी विचार, कोणी ठरवलं ते विचार. ह्या तीन गोष्टी विचारल्या ना, की मग फाइल काढावीच लागते."

पंचवीस वर्षं उत्तरं लिहिलेला माणूस सांगत होता. मी उत्तर परत वाचलं. खरंच, त्यात सगळं होतं. कोविडमध्ये प्रवासी संपले तेव्हा वेल्श सरकारने बस कंपन्यांना तातडीची मदत सुरू केली होती, ती जुलै २०२३ मध्ये थांबली आणि तिच्या जागी ४ कोटी ६० लाख पौंडांचा ट्रान्झिशन फंड आला. लंडन सोडून ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी १९८६ पासून बसचे रूट कंपन्याच ठरवतात, जो रूट तोट्यात आहे तो काउन्सिलने पैसे देऊन चालवायचा असेल तर चालवावा, आणि हे सगळं बदलून रूट ठरवायचा अधिकार सरकारकडे घेणारं बिल पुढे आणायचं आहे (ते बिल २०२५ मध्ये मांडलं गेलं). माझ्या प्रश्नाला हेच उत्तर असू शकत होतं. माझ्या नऊ वीसच्या बसचा त्यात उल्लेख नव्हता कारण प्रश्नात तिचा उल्लेख नव्हता.

तेव्हापासून मला ह्या प्रश्नांचं वेड लागलं म्हटलं तरी चालेल.

पहिली गोष्ट जी नीट समजून घ्यावी लागली ती ही, की कोणाला काय विचारायचं. वेल्सला १९९७ च्या सार्वमतात स्वतःची असेंब्ली मिळाली, तीसुद्धा फक्त ६,७२१ मतांच्या फरकाने, आणि १९९९ पासून ती चालू झाली. आरोग्य, शाळा, बस, रस्ते, घरं, शेती हे इथलं सरकार बघतं. पोलीस, तुरुंग, व्हिसा, बरेचसे भत्ते हे लंडनचं. आपल्याकडे राज्य आणि केंद्र असतं तसंच थोडंसं, फरक असा की इथे हे अधिकार लंडनच्या संसदेने कायदा करून दिलेले आहेत. त्यामुळे व्हिसाबद्दल सेनेदमध्ये विचारलं तर नम्रपणे सांगतात की तो आमचा विषय नाही, आणि हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टबद्दल लंडनमध्ये विचारलं तर ते तेच सांगतात. ज्याला हे माहीत नाही तो दोन्ही दारांवरून परत येतो. आमच्या मराठी ग्रुपवर लोक अजूनही दवाखान्याच्या अपॉइंटमेंटवरून लंडनच्या पंतप्रधानांना शिव्या घालतात, तेव्हा मी प्रत्येक वेळी लिहिते की अरे बाबांनो, इथली दवाखाने चालवणारी हेल्थ बोर्डं कार्डिफच्या सरकारच्या हाताखाली आहेत, तिथे विचारा.

ऑक्टोबरमध्ये मला मंगळवारची सुट्टी मिळाली आणि मी सेनेद बघायला गेले. कार्डिफ बेला, समुद्राच्या कडेला. दगडी पायऱ्या, सगळीकडे काच, आणि आत वरून लाकडाचं छत एका मोठ्या नरसाळ्यासारखं खाली उतरतं, त्या नरसाळ्याच्या बरोबर खाली सभागृह. आत जायला पैसे नाहीत, फक्त विमानतळासारखी तपासणी. आपण वर गॅलरीत काचेमागे बसतो आणि खाली सगळे गोलाकार बसलेले दिसतात, समोरासमोर बाकं नाहीत. मंगळवारी दुपारी दीड वाजता फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांना, विचारायचे प्रश्न सुरू व्हायचे, तासभर चालायचे. तेव्हा मार्क ड्रेकफर्ड होते.

सीटपाशी हेडफोन होता. मी आधी लावला नाही, म्हटलं इंग्रजी तर येतं आपल्याला. आणि मग एक सदस्य उठला आणि वेल्शमध्ये बोलायला लागला. ड्रेकफर्डनी पण वेल्शमध्येच उत्तर दिलं. मी गडबडीने हेडफोन लावला तर कानात एका बाईचा इंग्रजी आवाज, वाक्यामागे वाक्य, शांतपणे. मग पुढचा सदस्य इंग्रजीत, त्याला इंग्रजीत उत्तर, कोणी मान वर करून बघितलं पण नाही. दोन्ही भाषांना सारखा दर्जा देणारा कायदा इथे २०१२ मध्ये झाला आणि कामकाजाचा अहवाल दोन्ही भाषांमध्ये निघतो. वेल्श बोलणारे लोक किती आहेत इथे? पाचातला एक पण नाही. तरी मंत्र्याला त्या भाषेत प्रश्न विचारता येतो आणि त्याला त्या भाषेत उत्तर देता येतं. मला अण्णांचे ते "हे खरे आहे काय" वाले कागद आठवले आणि गळा दाटून आला. आपण ज्याला रूक्ष सरकारी मराठी म्हणतो ना, त्याच मराठीत साताऱ्याच्या एका कारकुनाला मंत्र्याचं उत्तर लिहिता येत होतं, ही किती मोठी गोष्ट आहे हे मला कार्डिफमध्ये बसून कळलं.

त्या दिवसांत इथे २० मैलांचा विषय तापलेला होता. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. लोक इतके चिडले की सेनेदच्या याचिकांच्या पानावर ती रद्द करा म्हणून अर्ज आला त्यावर शेवटी ४,६९,५७१ सह्या झाल्या, एकतीस लाख लोकवस्तीच्या देशात. इतक्या सह्या सेनेदच्या इतिहासात कुठल्याच अर्जाला मिळाल्या नव्हत्या. मला स्वतःला विचाराल तर मी २० च्या बाजूने आहे, आमच्या केअर होमसमोरून म्हातारी माणसं रस्ता ओलांडतात, आणि पहिल्या वर्षाच्या आकड्यांत अशा रस्त्यांवरचे जखमी कमी झालेले दिसले. पण गॅलरीत बसून मी अण्णांच्या चष्म्यातून बघत होते. जे सदस्य मोठ्याने विचारत होते की तुम्ही माफी मागणार का, लोकांचं ऐकणार का, त्यांना उत्तर म्हणून सरकारची भूमिकाच परत ऐकायला मिळत होती. आणि जो एखादा विचारतो की कुठला रस्ता ३० वर ठेवायचा हे ठरवायचे निकष कोणी लिहिले आणि काउन्सिलांना त्यात किती मोकळीक आहे, त्याला उत्तरात नवीन काहीतरी द्यावंच लागतं. पुढे एप्रिल २०२४ मध्ये नवीन वाहतूक मंत्री केन स्केट्स यांनी काही रस्ते परत ३० वर नेता येतील असं सांगितलं, तेव्हा चर्चा नेमकी ह्याच निकषांवर येऊन थांबली.

इथली एक पद्धत मला आपल्यापेक्षा वेगळी वाटली. छापील प्रश्न फार मोघम असतो. "साउथ वेल्स सेंट्रलमधल्या बससेवांबद्दल फर्स्ट मिनिस्टर निवेदन करतील काय" एवढाच. ते फक्त दार असतं. मंत्री मोघम उत्तर देतात आणि मग सदस्य उभा राहून खरा प्रश्न, म्हणजे उपप्रश्न विचारतो, आणि त्याच विषयावर दुसऱ्या पक्षाच्या माणसालाही संधी मिळते. विरोधी पक्षांच्या नेत्यांना तर आधी न कळवता विचारता येतं. आपल्याकडे उलट, छापील प्रश्नातच (१), (२), (३) करून सगळं विचारलेलं असतं. दोन्हीकडे नंबर सोडतीने लागतो, म्हणजे नशीब. मला आपली पद्धत जास्त आवडते, कारण नेमकं विचारलेलं असेल तर खालच्या माणसाला नेमकी फाइल काढावी लागते. पण उपप्रश्नात इथे जी धार असते ती पण बघण्यासारखी, मंत्री समोर उभा, हातात जाडजूड फोल्डर, पानं उलटतोय आणि सगळे बघतायत. ते फोल्डर बघून मला हसू आलं, प्रेमाने. कुणाच्यातरी वडिलांनी रात्री बसून ते भरलेलं असणार.

दर वेळी उत्तर मिळून काम होतंच असं नाही. नॉर्थ वेल्सच्या हेल्थ बोर्डाचं उदाहरण घ्या, बेट्सी कॅडवालाडर नावाचं. २०१५ मध्ये सरकारने ते विशेष देखरेखीखाली घेतलं, २०२० मध्ये बाहेर काढलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये परत घेतलं. २०१५ मध्ये आरोग्यमंत्री ड्रेकफर्डच होते आणि २०२३ मध्ये फर्स्ट मिनिस्टर पण तेच. इतकी वर्षं तिकडचे सदस्य तोच विषय घेऊन उभे राहतायत. कंटाळा येत असेल, पण ते विचारतात, आणि जुनी उत्तरं सगळी छापलेली असल्यामुळे "तुम्ही अमुक तारखेला असं म्हणाला होतात" हे म्हणता येतं. किंवा एचएस२, इंग्लंडमधली नवीन वेगवान रेल्वे. एक मीटर रूळ वेल्समध्ये नाही, तरी लंडनच्या हिशोबात तो इंग्लंड आणि वेल्सचा प्रकल्प धरलाय म्हणून वेल्सला त्याच्या बदल्यातले पैसे मिळाले नाहीत, स्कॉटलंडला मिळाले. ह्यावर कार्डिफमध्ये कितीही विचारलं तरी उत्तर देणारा लंडनमध्ये बसलाय.

आणि विचारायला कोणी समोरच नसेल तर काय होतं, ते नॉर्दर्न आयर्लंडने दाखवलं. तिथलं सरकार पक्षांच्या भांडणात फेब्रुवारी २०२२ ला पडलं ते फेब्रुवारी २०२४ पर्यंत उभंच राहिलं नाही. ऑक्टोबर २०२२ पर्यंत जुने मंत्री काळजीवाहू म्हणून होते, त्यानंतर खाती अधिकारीच चालवत होते, मंत्री नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, आणि त्या काळात तिथल्या दवाखान्यांच्या वेटिंग लिस्टा आख्ख्या ब्रिटनमध्ये सगळ्यात वाईट. जानेवारी २०२४ मध्ये नर्स, शिक्षक, बसवाले सगळे एकाच दिवशी संपावर गेले. माझी मुंबईची मावशी हे ऐकून म्हणाली, आमच्याकडे काय वेगळं आहे, महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि मग कितीतरी वर्षं प्रशासकच, गटार तुंबलं तर नगरसेवक कोण म्हणून विचारायची सोय नव्हती. बरोबर बोलली. चांगला असो वाईट असो, दारात जाऊन उभं राहावं असं माणूस लागतं.

तर माझी बस. अण्णांनी आणि मी मिळून दुसरा प्रश्न तयार केला. तीन रविवार गेले त्यात. ते साताऱ्याहून मराठीत सांगायचे, मी इंग्रजी करायचे, मग ते म्हणायचे परत मराठीत वाचून दाखव, आणि वाचलं की काहीतरी खोडायचे. "सुधारणा" शब्द काढला. "पुरेशा" काढला. "रात्री" काढून "सायंकाळी साडेसातनंतर सुटणाऱ्या" घातलं. "कुणाला पुरेशा? कुठली रात्र? असे शब्द ठेवलेस तर उत्तर लिहिणाऱ्याला पळवाट." शेवटी उरलं ते असं, की आमच्या काउन्सिलच्या हद्दीत सायंकाळी साडेसातनंतर सुटणाऱ्या किती फेऱ्या मदत थांबल्यानंतर बंद झाल्या, ट्रान्झिशन फंडातून ह्या भागाला किती रक्कम आली आणि कुठल्या तारखेला, आणि कुठली फेरी ठेवायची हे कोणी ठरवलं. किती, कधी, कोणी. आमदार बाईंना पाठवला, त्यांनी एक शब्द बदलून जसाच्या तसा टाकला.

ह्या वेळी उत्तरात रक्कम होती, तारीख होती, आणि निर्णय कुठल्या टेबलावर झाला ते स्पष्ट लिहिलेलं होतं. फेऱ्यांची यादी काउन्सिलकडे मागावी असं होतं. मी तो कागद प्रिंट करून काउन्सिलकडे गेले, आणि ह्या वेळी बस खाजगी आहे असं कोणी म्हणालं नाही, यादी दिली. ती यादी घेऊन केअर होममधल्या आम्ही नऊ जणी आणि हॉस्पिटलच्या सफाईवाल्या सहा, अशा आमच्या नगरसेवकाला भेटलो.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सोमवार ते शुक्रवार रात्री सव्वानऊची एक फेरी सुरू झाली. प्रश्नामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, त्या काळात बरेच जण मागे लागले होते. शनिवार रविवार अजून नाही. शनिवारी मी अजून टॅक्सीने येते.

अण्णांना दुसरं उत्तर पाठवलं तेव्हा त्यांनी शेजारच्या दुकानातून त्याची प्रिंट काढून आणली, पेन्सिलीने प्रत्येक भागासमोर बरोबरची खूण केली आणि फोटो पाठवला. तिसऱ्या भागासमोर खूण नाही, तिथे त्यांच्या अक्षरात बारीक लिहिलंय, "शनिवारचे कोण ठरवते ते वेगळे विचारावे."